चार मिलिमीटरची निलगिरी

दातांच्या दवाखान्यातून घरी येताना काटेकाकू एकदम म्हणाल्या, "अहो, तसलं झुडूप आपल्या दारात असतं तर काय बहार आली असती!"

काटेसाहेबांना वाटलं, इंजेक्शनचा अंमल अजून उतरलेला नाही. कारण काकूंनी काही मागणं ही गोष्टच घडत नसे. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी ज्या वस्तू मागितल्या त्या म्हणजे कुकरची रिंग, पिठाची चाळणी, गॅसचा लायटर आणि पुन्हा कुकरची रिंग. स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही पहिलीच. दवाखान्यातल्या टेबलावर बरणीत निलगिरीच्या फांद्या ठेवल्या होत्या. ही ती उंच, चोपड्या खोडाची निलगिरी नव्हे, शोभेची. नाण्यांसारखी गोल, चंदेरी पानं एकापुढे एक ओवल्यासारखी. दाढ काढायची पाळी येईपर्यंत काकू दोन तास त्या पानांकडे बघत बसल्या होत्या आणि म्हणे त्यांना दाढेची आठवणही झाली नाही.

इथे एक खुलासा केलेला बरा. काटे हे साहेबांचं आडनाव नव्हे. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले तराजू तपासले, म्हणून वसाहतीने त्यांना काटेसाहेब केलं आणि त्याच हिशेबाने काकू काटेकाकू झाल्या. टपालवालासुद्धा आता खरं आडनाव असलेलं पत्र घेऊन दारात थबकतो. साहेबांना या नावाचा मनातून अभिमान होता, पण तो चेहऱ्यावर दिसू नये याची ते काळजी घेत.

आठ दिवसांत साहेबांनी चार नर्सऱ्या पालथ्या घालून वीतभर रोप आणलं. नर्सरीवाला म्हणाला, "साहेब, एकच पथ्य. वर्षातून एकदा हे गुडघ्याइतकं ठेवून साफ कापायचं. निर्दयपणे. कापलं की खालून नवे धुमारे फुटतात आणि नव्या धुमाऱ्यांनाच ही गोल पानं येतात. नाही कापलं तर हे वयात येतं. मग पानं लांब, कोयत्यासारखी होतात आणि झुडपाचं झाड होतं."

"गुडघ्याइतकं म्हणजे किती सेंटिमीटर?" साहेबांनी वहीत लिहिता लिहिता विचारलं.

"गुडघ्याइतकं हो."

"पण कुणाच्या?"

नर्सरीवाल्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला. गुडघा हे प्रमाणित माप नाही, ही गोष्ट साहेबांच्या मनाला बरेच दिवस लागून राहिली.

रोप लागलं आणि सल्ल्यांना तोटा राहिला नाही. वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या, त्यांनी गॅलरीतूनच तास घेतला. "निलगिरी? अहो, पाताळातलं पाणी पिते ती! उद्या आपले नळ कोरडे पडले म्हणजे मला सांगायला येऊ नका. आणि मुळं गेली पायाखाली तर माझा मजला तुमच्या मजल्यावर येईल." शेजारच्या होमिओपॅथ डॉक्टरांनी रोपाकडे बघून नुसती मान हलवली आणि म्हणाले, "प्रकृती नाजूक दिसते." मग त्यांनी साबुदाण्याएवढ्या गोळ्या पाण्यात विरघळवून घालायला दिल्या. साहेबांनी त्या घातल्या. रोप जगलं, म्हणून डॉक्टर आजही त्याला आपला पेशंट समजतात.

रोप नुसतं जगलं नाही, त्याने बाळसं धरलं. साहेब त्याला मापाने रोज दीड लिटर पाणी देत, भर उन्हाळ्यात दुपारी स्वतःची छत्री बांधून ठेवत आणि स्वतः डोक्याला रुमाल गुंडाळून दूध आणायला जात. सकाळी काकू चहाचा कप घेऊन दारात यायच्या, दोन बोटांत एखादं गोल पान धरायच्या, सोडायच्या आणि आत जायच्या. एवढंच. पण तेवढ्यासाठी साहेब पावणेसहाला उठून पानांवरची धूळ पुसत असत हे काकूंना माहीत नव्हतं, असं साहेबांना वाटायचं.

वर्ष झालं. कापायचा मुहूर्त आला. साहेबांनी करवत काढली, तिला तेल दिलं, बाहेर नेली, झाडापुढे पाच मिनिटं उभे राहिले आणि करवत परत आणून खिळ्याला अडकवली. असं तीनदा झालं. निर्दयपणे कापायचं, असं नर्सरीवाला म्हणाला होता. साहेबांनी उभ्या आयुष्यात निर्दयपणे फक्त दुकानदारांची खोटी वजनं जप्त केली होती, आणि त्यानंतरही त्यांना रात्री जेवण गेलं नव्हतं. "पुढच्या वर्षी बघू," असं ते स्वतःशीच म्हणाले. पुढच्या वर्षीही तेच म्हणाले. तेवढ्यात दूरगावच्या लेकीला जुळं झालं आणि काकू पाच महिन्यांसाठी तिकडे गेल्या. जाताना दारात म्हणाल्या, "माझं झाड सांभाळा हं."

ते "माझं" साहेबांच्या काळजात जाऊन बसलं.

आता झाडाला कोण समजावणार? काकूंची पाठ वळताच ते वयात आलं. बघता बघता गॅलरीपर्यंत पोचलं आणि वरून खाली पानं लांब होत निघाली. दर रविवारी काकूंचा फोन यायचा. जुळ्यांपैकी कोण किती रडलं हे सांगून झालं की त्या विचारायच्या, "आणि झाड कसं आहे? पानं गोल आहेत ना?"

"गोल आहेत," साहेब सांगायचे. हे खोटं नव्हतं. बुंध्याजवळ, जमिनीलगत, अजून अकरा गोल पानं होती. साहेबांनी मोजली होती. काकूंना फोटो हवा असायचा, म्हणून साहेब अंगणात पालथे पडून, हनुवटी मातीला टेकवून त्या अकरा पानांचा फोटो काढत. वरून मुख्याध्यापिकाबाई पहिल्या वेळी घाबरून ओरडल्या, "डॉक्टर, धावा, काटेसाहेब पडले!" दुसऱ्या रविवारी अकराची सात झाली, मग चार. एकतीस वर्षांत ज्याने कुणाचं पाच ग्रॅम कमी माप खपवून घेतलं नाही, तो माणूस स्वतःच्या बायकोला पानं कमी भरत होता. साहेबांना स्वतःची शरम वाटू लागली. शेवटी एकच गोल पान उरलं तेव्हा त्यांनी कॅलेंडर काढलं. काकू यायला नऊ आठवडे होते. नर्सरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, कापल्यापासून सहा आठवड्यांत गोल पानं हजर. म्हणजे तीन आठवड्यांच्या आत कापलं तर काकूंच्या हाती चहाचा कप आणि समोर गोल पानं. साहेबांनी करवतीला पुन्हा तेल दिलं. या खेपेला त्यांनी नक्की कापलं असतं.

पण गॅलरीतून आवाज आला. "परवानगी घेतलीत का? पालिकेचा नियम आहे. झाड विनापरवाना तोडलं तर गुन्हा दाखल होतो."

"पण बाई, हे झुडूप आहे."

"मी गॅलरीत उभी आहे आणि ते माझ्या नाकासमोर आहे. याला तुम्ही झुडूप म्हणता?"

दुसरा कुणी असता तर त्याने दुपारी सगळे वामकुक्षी घेत असताना काम उरकलं असतं. डॉक्टरांनी तसा सल्लाही दिला. साहेब मात्र पालिकेत जाऊन नियमांचं पुस्तक वाचून आले. जमिनीपासून सव्वा मीटरवर खोडाचा घेर तीस सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरला तर झाड, कमी भरला तर झुडूप. झुडपाला परवानगी लागत नाही. साहेबांनी आपली शिक्का मारलेली पोलादी टेप काढली. तीस पूर्णांक चार. पुन्हा मोजलं. तीस पूर्णांक चार. सकाळी मोजलं, दुपारी मोजलं, श्वास रोखून मोजलं. झाड चार मिलिमीटरने झाड होतं.

पालिकेत अर्ज द्यायला गेले तेव्हा खिडकीमागच्या कारकुनाने वर न बघता विचारलं, "काय काम आहे बाबा?" साहेबांना हे फार लागलं. जशा टेबलामागे बसून त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला होता, तशाच टेबलापुढे ते आता बाबा होते. फॉर्मवर "तोडण्याचे कारण" असा रकाना होता. धोकादायक, वाळलेले, बांधकामास अडथळा, इतर. साहेबांनी "इतर"वर खूण केली आणि सोबत तीन पानांचं निवेदन जोडलं. त्याचा सारांश असा, की झाड लहान राहावं म्हणून ते तोडायचं आहे. कारकुनाने ते दोनदा वाचलं, साहेबांकडे एकदा नीट बघितलं आणि आवाज मऊ करून म्हणाला, "बसा बाबा, पाणी घ्या."

आठ दिवसांनी उद्यान निरीक्षक पाहणीला आल्या. तिशीच्या, चटपटीत, दिवसाला चौदा झाडं बघायची म्हणून घाईत. पर्समधून त्यांनी शिंप्याकडची असते तसली कापडी टेप काढली, खोडाभोवती गुंडाळली आणि म्हणाल्या, "साडेएकोणतीस. झुडूप आहे काका. आमचा काही संबंधच नाही. आत्ता कापलंत तरी चालेल."

गॅलरीत मुख्याध्यापिकाबाईंनी सुस्कारा सोडला. कुंपणापलीकडे डॉक्टरांनी हात जोडले. साहेबांना जे हवं होतं ते आपल्या पायांनी चालत अंगणात आलं होतं. त्यांनी नुसतं "आभारी आहे" म्हणायचं होतं. तोंड उघडलंही त्यासाठीच. पण डोळे त्या टेपवरून हलेनात. टेप जुनी होती, मधे ताणलेली होती, आणि तिच्या टोकाची पत्री कधीच गळून गेली होती. एक खोटं आधीच अंगावर होतं, काकूंशी बोललेलं. दुसरं पेलवणार नव्हतं.

"मॅडम," साहेब म्हणाले, "ही टेप शेवटची कधी तपासून घेतली होती?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

पोलादी टेप आली. तीस पूर्णांक चार. निरीक्षकबाईंनी साहेबांकडे असं बघितलं, की हा माणूस आपली चेष्टा करतोय की काय. "काका, तुम्हाला कापायचंय ना? मी कापा म्हणते आहे ना?"

"कापायचंय. पण झाड म्हणून."

मग झाड म्हणून रीतसर प्रकरण सुरू झालं. खोडावर सुतळीने नोटीस बांधली गेली: सदर वृक्ष तोडण्यास कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे. साहेबांनी मनात आठवडे मोजले. आता सहा आठवडे पुरे मिळणार नव्हते, पण सुनावणी संपताच कापलं तर काकू येईपर्यंत बोटभर कोंब तरी दिसले असते. बोटभर कोंबांवर साहेब आशा धरून राहिले. रविवारच्या फोनवर त्यांचा आवाज बारीक होऊ लागला. "बरं नाही का?" काकू विचारायच्या. "जेवलो," साहेब उत्तर द्यायचे.

तीन हरकती आल्या. पहिली मुख्याध्यापिकाबाईंची. ज्या झाडामुळे त्यांचा मजला खाली येणार होता, त्याच झाडाची त्यांना आता सवय लागली होती. सकाळी गॅलरीत बसलं की पानांचा वास येतो, सर्दी होत नाही आणि समोरच्या इमारतीतले लोक दिसत नाहीत. दुसरी, दुपारीच काम उरका म्हणणाऱ्या डॉक्टरांची. पेशंटना वाफारा घ्यायला ते गुपचूप कुंपणावरून पानं तोडून देत होते, हे त्यांनी शास्त्रीय भाषेत कबूल केलं होतं. तिसरी टपालाने आली होती आणि ती कुणाची हे सुनावणीच्या दिवसापर्यंत साहेबांना कळलं नाही.

सुनावणी पालिकेच्या मागच्या खोलीत होती. एक टेबल, कपाटं, कपाटांवर फायली, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून, पोलादी टेप खिशात ठेवून बाकावर बसले होते. शेजारी मुख्याध्यापिकाबाई आणि डॉक्टर. तिघं एकाच रिक्षातून आले होते आणि वाटेत कुणी कुणाशी बोललं नव्हतं. निरीक्षकबाईंनी पहिल्या दोन हरकती भराभर वाचल्या. मग तिसरी उघडली. "ही बाहेरगावहून आली आहे," त्या म्हणाल्या आणि वाचू लागल्या.

"माननीय उद्यान निरीक्षक यांस. आमच्या दारातील निलगिरी तोडण्यास माझी हरकत आहे. नोटिशीबद्दल मला वरच्या मजल्यावरच्या बाईंनी फोनवर सांगितले. अर्जदार हे माझे यजमान आहेत आणि झाड माझ्या सांगण्यावरून लावलेले आहे."

साहेबांनी मान वळवून मुख्याध्यापिकाबाईंकडे बघितलं. त्या पंख्याकडे बघत होत्या.

"झाडाची पाने लांब झाली आहेत, हे ते मला सांगत नाहीत. पण गेले चार रविवार मला एकाच पानाचा फोटो येत आहे. त्या पानाला कडेला अळीने पाडलेले भोक आहे. मी परतण्याच्या आत झाड कापून, नवी गोल पाने आणून मला दाखवावीत, असा त्यांचा बेत असणार."

निरीक्षकबाईंचा वाचण्याचा वेग इथे कमी झाला. कोपऱ्यातला कारकून शिक्के मारत होता, तो थांबला.

"माझी हरकत कापण्याला नाही, त्यांनी एकट्याने कापण्याला आहे. त्यांच्या हातून गेल्या सालचे कॅलेंडरसुद्धा फेकवत नाही. या झाडाची पाने ते रोज पहाटे पुसतात. मी आतून बघते. झाड एकट्याने कापले तर ते चार दिवस जेवणार नाहीत आणि मला फोनवर जेवलो म्हणून सांगतील. तरी मी येईपर्यंत थांबावे. पाने लांब असली तरी मला चालतील. मला गोल पानांचे एवढे नाही. कळावे."

डॉक्टरांनी खिशातून गोळ्यांची बाटली काढली आणि कुणाला द्यावी हे न कळून परत ठेवली.

"अर्जदाराचं यावर काय म्हणणं आहे?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

साहेब उठून उभे राहिले. घसा खाकरला. टेबलाच्या या बाजूला उभं राहून काय बोलायचं असतं हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं. चार महिने घर खायला उठत होतं, एका ताटाला चव नव्हती, आणि हे सगळं त्यांनी झाडाच्या नावावर खपवलं होतं.

"भोक आहे," ते म्हणाले. "माझ्या नजरेतून सुटलं."

एवढं बोलून ते खाली बसले आणि चष्मा पुसू लागले. मुख्याध्यापिकाबाईंनी आपला रुमाल त्यांच्यापुढे धरला. निरीक्षकबाईंनी निकाल लिहिला: पहिल्या दोन हरकती फेटाळल्या, तिसरी मान्य. वृक्ष हरकतदार परत आल्यावर तिच्या उपस्थितीत तोडावा. मग साहेबांनी एक अर्ज लिहून दिला. तिसऱ्या हरकतीची प्रमाणित नक्कल मिळावी. कारकुनाने कारण विचारलं. अडतीस वर्षांत याआधी दोघं आठ दिवसांपलीकडे कधी वेगळी राहिली नव्हती, त्यामुळे काकूंच्या हातचं एकही पत्र साहेबांकडे नव्हतं. साहेबांनी रकान्यात "वैयक्तिक संग्रहासाठी" असं लिहिलं. कारकुनाने नक्कल त्याच दिवशी दिली, त्यावर गोल शिक्का मारला आणि म्हणाला, "सांभाळून न्या, साहेब."

काकू आल्या. फाटकातच बॅग खाली ठेवून त्यांनी मान वर केली आणि गॅलरीपर्यंत गेलेल्या झाडाकडे बघत राहिल्या. लांब पानं वाऱ्यावर सळसळत होती.

"बाई गं, केवढं झालं हे!" काकू म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "आणि तुम्ही केवढेसे झालात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून झाड कापलं. करवतीच्या मुठीवर साहेबांचा हात, त्यावर काकूंचा. खोड सोपं नव्हतं. मधे दोनदा थांबून चहा झाला. वरून मुख्याध्यापिकाबाई सूचना देत होत्या, डॉक्टर पडतील तेवढ्या फांद्या उचलून नेत होते. झाड आडवं झालं तेव्हा साहेब बुंध्याशी उकिडवे बसले आणि बराच वेळ तिथल्या ओल्या लाकडावर हात फिरवत राहिले. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. काकू त्यांच्या शेजारी खाली टेकल्या, पदराने त्यांच्या कपाळावरचा भुसा पुसला.

"हे दर वर्षी करायचं?" त्यांनी विचारलं.

"दर वर्षी. नाहीतर परत लांब होतील."

"मग दर वर्षी माझी हरकत राहील."

साहेबांनी नाक पुसलं, चष्मा नीट केला आणि जागच्या जागी थोडे ताठ बसले.

"नुसतं तोंडी चालणार नाही," ते म्हणाले. "लेखी दे."